नायटा आधी तपासा

महाड-पोलादपुरात नायट्याच्या रुग्णाला औषधांची कमतरता नाही. मेडिकलमधून आणलेली ट्यूब असते, गावच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या असतात, मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाने पाठवलेले मलम असते. एवढे करूनही खाज तशीच राहिली की त्वचारोगतज्ज्ञाकडची फेरीही होते. या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट मात्र बहुधा राहूनच जाते. अंगावर वाढणारी बुरशी नेमकी कोणती आणि तिच्यावर कोणते औषध चालते, हे प्रयोगशाळेत पाहिले जात नाही. ते पाहण्याची पद्धत आहे, तिचे नियम छापलेले आहेत, आणि वीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या प्रयोगशाळा त्या नियमांनी चालतात. ती सोय या दोन तालुक्यांतल्या माणसांच्या वाट्याला यावी, अशी आमची मागणी आहे.

या भागात नायटा किरकोळ मानण्याजोगा नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि चार महिने अंग धड कोरडे राहत नाही. लावणीच्या दिवसांत बाई सकाळी चिखलात उतरते ती संध्याकाळी वर येते. कमरेला खोचलेले लुगडे, परकराची नाडी, मांड्या, सगळे दिवसभर ओलेच. पूर्वीच्या इरल्याखाली वारा तरी खेळत असे. आताच्या प्लॅस्टिकखाली पाऊस लागला नाही तरी घामाने अंग भिजते. धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि चुलीवरच्या दांडीवरून अर्धेओले काढून तसेच अंगात घातले जातात. महाडच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार गमबूट आणि जाड गणवेश घालून पाळी भरतो. त्वचेवरच्या बुरशीला ऊब, ओल आणि घासणारा कपडा लागतो. येथे तिन्ही आयते मिळतात. 22 जुलै 2021 ला तळिये येथे दरडीखाली 80हून अधिक माणसे गेली, त्याच पावसात महाड शहर सावित्री-गांधारीच्या पाण्याखाली गेले. अशा पुरानंतर गाद्या, पांघरुणे, भिंती आठवडेच्या आठवडे वाळत नाहीत आणि एका पांघरुणात चौघे निजतात.

त्यात चाकरमान्यांची ये-जा. पोलादपूर तालुक्यातल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष मुंबईत असतो. एका खोलीत अनेक गाववाले राहतात, एकाच दोरीवर सगळ्यांचे पंचे वाळतात. शिमग्याला आणि गणपतीला माणूस घरी येतो तसा त्याच्या अंगावरचा आजारही येतो, आणि इथलाही तिकडे जातो. त्यामुळे मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत जी बुरशी सापडते, ती घाटाखालच्या वाड्या-वस्त्यांवर नसेल असे धरून चालता येत नाही.

या आजाराने माणूस मरत नाही, म्हणून तो यादीत वर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2022 मध्ये रोगकारक बुरशींची पहिली प्राधान्य यादी प्रसिद्ध केली. तिच्यात 19 नावे आहेत. नायट्याची बुरशी त्यांत नाही. ती यादी मुख्यतः शरीरात खोलवर शिरणाऱ्या, जीव घेणाऱ्या संसर्गांची आहे, तेव्हा त्या संघटनेला दोष देण्याचे कारण नाही. पण रात्रभर खाजवून पहाटे पुन्हा नांगरणी-लावणीला जाणाऱ्या माणसाचे हाल या यादीत मोजले जात नाहीत. जांघेतला चट्टा पुरुष डॉक्टरांना दाखवायची सोय नाही म्हणून बाई वर्ष-वर्ष गप्प राहते. लग्न ठरण्याआधी मुलीच्या मानेवरचा चट्टा झाकला जातो. मजुरीतले पैसे ट्यूबमागून ट्यूबवर जातात. हा त्रास मोठा आहे आणि तो प्रामुख्याने गरिबाच्या अंगावर आहे.

ट्यूबचेच आधी बोलू. बुरशीनाशक, जिवाणूनाशक आणि क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड अशी तीन-चार औषधे एकत्र केलेली मलमे आपल्या देशात वर्षानुवर्षे खपली. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, गिऱ्हाईक समाधानी होते. प्रत्यक्षात स्टेरॉइडने त्वचेची प्रतिकाराची धडपड थांबवलेली असते. बुरशी शाबूत राहते आणि मोकळी पसरते. नायट्याची ओळखीची गोल कडा पुसली जाते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही तो चटकन ओळखू येत नाही. त्वचा पातळ होते आणि जांघेत, काखेत कायमच्या रेघा उमटतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध सातत्याने आवाज उठवला. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा अनुसूचीत घातली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात 328 मिश्र औषधांवर बंदी आली, तीत अशा काही मलमांचाही समावेश होता. कागदावर चांगले झाले. दुकानाच्या फळीवर काय झाले हे महाडच्या बाजारपेठेत एक फेरी मारून अन्न व औषध प्रशासनाने पाहावे.

आता बुरशीचे. पूर्वी भारतात नायट्याला बहुतांशी ट्रायकोफायटन रुब्रम ही बुरशी कारण असे आणि टर्बिनाफिनची गोळी काही आठवडे घेतली की रुग्ण बरा होई. गेल्या दहा-पंधरा वर्षांत चित्र पालटले. एक वेगळी बुरशी पुढे आली. भारतीय आणि नेपाळी रुग्णांपासून मिळालेल्या नमुन्यांवरून जपानमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव दिले. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या विकराला अडवते, त्याचे नाव स्क्वालीन इपॉक्सिडेज. तो बंद पडला की बुरशीला आपल्या पेशीचे आवरण नीट बांधता येत नाही आणि आत साचलेले स्क्वालीनही तिला घातक ठरते. या विकराच्या जनुकात एका ठिकाणी बदल झाला, तरी गोळी त्याला नीट चिकटत नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या गटातल्या बुरशीच्या जवळजवळ एक-तृतीयांश नमुन्यांनी टर्बिनाफिनला दाद दिली नव्हती. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतूनही त्याच वर्षी असेच जनुकीय बदल नोंदले गेले. मे 2023 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांची नोंद छापली. तेथील ती या बुरशीची पहिली नोंद होती. त्यांतली एक बाई नुकती बांगलादेशात जाऊन आली होती, दुसरी कुठेही गेलेली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये दोन रुग्ण सापडले तर त्यांची बुरशी ओळखून, जनुक वाचून, जगाला कळवले जाते. पोलादपूरच्या रुग्णाची बुरशी कोणती, हे निदान रायगड जिल्ह्याला तरी कळायला नको का?

चाचणी कशी होते ते सविस्तर सांगायला हवे, कारण तपासणी म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे सुई येते. येथे सुई नाही, रक्त नाही. चट्ट्याची वाढती कडा स्पिरिटने पुसतात, बोथट पात्याने हलकेच खरवडतात आणि कोंड्यासारखे निघालेले खवले काळ्या कागदाच्या पुडीत घेतात. काळ्यावर पांढरे खवले दिसतात म्हणून काळा कागद. त्यातले थोडे काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवले की त्वचेच्या पेशी विरघळू लागतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले तंतू दिसतात. याला काही मिनिटे लागतात. नायटा आहे की नाही, एवढे तरी तेथल्या तेथे ठरते. इसब किंवा सोरायसिस असलेल्या माणसाला महिनोन्महिने बुरशीची गोळी गिळावी लागत नाही, हाच केवढा फायदा.

उरलेले खवले पोषक आगरवर पेरतात. बुरशी उगवायला आठवडा-दोन आठवडे लागतात, कधी चार. मग खरी परीक्षा सुरू होते. जिवाणूंची औषध-चाचणी सगळ्यांच्या परिचयाची आहे. लघवी कल्चरला दिली की कोणते औषध चालेल याची यादी मिळते. बुरशीचे तसे सोपे नाही. जिवाणू सुटे-सुटे असतात, द्रवात एकसारखे मिसळतात आणि मोजता येतात. बुरशी तंतूंनी वाढते, तिचे पुंजके होतात. किती बुरशी घातली हेच ठाऊक नसेल तर किती औषधाने ती थांबली याला अर्थ राहत नाही. म्हणून तंतू गाळून टाकायचे, फक्त बीजाणू घ्यायचे आणि ते मोजायचे: नायट्याच्या बुरशीसाठी मिलिलिटरला एक ते तीन हजार. 96 खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या ताटलीत औषध निम्मे-निम्मे करत उतरवतात. मिलिलिटरला 32, 16, 8, 4 असे करत 1 च्या खाली, पार 0.03 मायक्रोग्रॅमपर्यंत. शेवटच्या खळग्यात औषध अजिबात नसते. तेथे बुरशी वाढलीच पाहिजे, नाही तर सगळी ताटली बाद. शेजारी ठरावीक उत्तर देणारी, ओळखीची बुरशीही लावतात; तिचे उत्तर चुकले तर रुग्णाच्या उत्तरावरही विश्वास ठेवायचा नाही. चार दिवस 35 अंशांवर ठेवल्यावर पाहायचे, की औषध नसलेल्या खळग्याच्या तुलनेत 80 टक्के वाढ कोणत्या सर्वांत कमी मात्रेने थांबली. तो आकडा म्हणजे उत्तर. अमेरिकेतल्या क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूटने तंतुमय बुरशीसाठीचे हे नियम 1998 मध्ये प्रस्तावित केले, 2002 मध्ये मान्य केले आणि 2008 च्या आवृत्तीत नायट्याच्या बुरशींचा समावेश केला. युरोपच्या समितीने नायट्याच्या बुरशीसाठी आपली पद्धत 2020 मध्ये दिली. इतक्या लोकांनी इतकी वर्षे खपून जे बसवले, ते आपल्या उपयोगाला आणण्यात आळस करणे बरे नव्हे.

चाचणीच्या मर्यादाही आहेत आणि त्या लपवून मागणी करणे आम्हाला मान्य नाही. नायट्याच्या बुरशीसाठी अमुक आकड्याखाली औषध चालेल आणि वर चालणार नाही, अशी सर्वत्र मान्य झालेली रेघ अजून नाही. ताटलीतले औषध आणि त्वचेच्या वरच्या थरात पोहोचणारे औषध यांत अंतर असते. आणि रुग्ण बरा झाला नाही याचा अर्थ बुरशी निर्ढावली असाच होत नाही. गोळ्या अर्ध्यात सोडलेल्या असतात, घरातल्या इतरांवर उपचार झालेले नसतात, वर स्टेरॉइड चालूच असते. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलमधल्या दाण्यांचा दर्जा कंपनीगणिक वेगळा असतो, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पण टर्बिनाफिनच्या बाबतीत एक गोष्ट सोयीची आहे. साधी बुरशी फार थोड्या औषधाने थांबते, 0.03 किंवा त्याच्या जवळपास. जनुक बदललेल्या अनेक बुरशींना 4, 8, 32 लागतात किंवा तेवढ्यानेही त्या थांबत नाहीत. शंभरपटीहून मोठी ही दरी आहे. रेघ बारीक आखता आली नाही तरी नदीचे दोन काठ ओळखता येतात. म्हणूनच युरोपातल्या काही प्रयोगशाळा सगळी ताटली न लावता टर्बिनाफिन मिसळलेल्या आगरवर बुरशी उगवते का, एवढेच आधी पाहतात. ही सोपी चाळणी आपल्यासारख्यांच्या खूप कामाची आहे.

रुग्णागणिक चाचणी करा, असे आम्ही म्हणत नाही. तेवढ्या प्रयोगशाळा नाहीत आणि प्रत्येकाला तिची गरजही नाही. पण योग्य मात्रेत, पुरेसे दिवस टर्बिनाफिन घेऊनही जो बरा झाला नाही त्याची व्हावी, आणि तालुक्यात बुरशीचा कल कुठे चालला आहे हे कळण्यापुरते नमुने दरवर्षी तपासले जावेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे औषध-प्रतिरोधावर लक्ष ठेवणारे जाळे 2013 पासून आहे, त्यात बुरशीचाही विभाग आहे. परंतु ते मुख्यतः मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांवर उभे आहे. तेथे दाखल झालेल्या रुग्णांची बुरशी मोजली जाते. लावणी सोडून मुंबईला जाऊ न शकणाऱ्या बाईची बुरशी त्या आकड्यांत शिरतच नाही.

बुरशीवरचे औषध रुग्णालयाबाहेरही वापरले जाते, हे येथे सांगितले पाहिजे. आंब्याच्या मोहोरावर भुरी येऊ नये म्हणून कोकणात हेक्झाकोनॅझोल फवारतात. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही माणसांची औषधे त्याच कुळातली. फुफ्फुसात शिरणारी अॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी मातीत राहते, आणि शेतात या कुळातल्या औषधांना सरावलेला तिचा वाण युरोपात आधी आणि मग भारतातही सापडला. चौधरी यांच्याच गटाने 2012 मध्ये तो आपल्याकडच्या मातीतून वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. बागायतदाराने भुरी सोसावी असे कोणी म्हणणार नाही. कृषी खाते आणि आरोग्य खाते यांनी मात्र आपापल्या नोंदी एकमेकांना दाखवल्या पाहिजेत. भात कापताना डोळ्याला पात लागून होणारा बुरशीचा व्रण हे याच घरातले दुसरे दुखणे. त्यावर नाटामायसिनचे थेंब व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरतात, विशेषतः फ्युसेरियम असेल तर, हे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने अमेरिकी संशोधकांबरोबर केलेल्या आणि 2013 मध्ये छापून आलेल्या चाचणीने सिद्ध केले. डोळ्याच्या बाबतीत वाट पाहायला वेळ नसतो. तेथे खरवड तातडीने पाहायची सोय नसली तर बुबुळ जाते.

महाडला हे जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी महाडचाच इतिहास आठवावा. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1970च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट मरत होती. त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, फुफ्फुसातले पाणी यांच्या नोंदी ठेवल्या. 1982 मध्ये त्या लॅन्सेटमध्ये आल्या. पुढे प्राझोसिनचा उपयोग दाखवून त्यांनी मृत्यूचे प्रमाण पार खाली आणले आणि जगाने तो उपचार स्वीकारला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या ठिकाणी काटेकोर नोंद ठेवली की तिचा उपयोग साऱ्या जगाला होतो, याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. नायट्याच्या नोंदीला तर एकट्या माणसाने रात्री जागवण्याचीही गरज नाही. व्यवस्थेने ठरवले की झाले.

काय ठरवायचे, तेही सांगतो. महाड आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांत सूक्ष्मदर्शक असतोच. हिवतापाचे रक्त आणि क्षयाचा बेडका त्याखाली पाहिला जातो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडची बाटली, बोथट पाती, काळा कागद यांना खर्च फारसा नाही. तंत्रज्ञाला खरवडायचे आणि तंतू ओळखायचे शिक्षण थोड्या दिवसांत देता येते. रुग्ण बाई असेल तर खरवडण्याचे काम परिचारिकेने करावे, म्हणजे निम्मा संकोच तेथेच संपेल. पुढचे सर्वांत सोपे आहे. कोरड्या पुडीतल्या खवल्यांत नायट्याची बुरशी आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. बर्फाची पेटी लागत नाही, खास गाडी लागत नाही. लिफाफ्यातून नमुना जातो. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बुरशी उगवण्याचे आणि टर्बिनाफिनच्या आगरवर चाळण्याचे काम तेथील सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे द्यावे. संशयास्पद निघालेल्या बुरशी संपूर्ण चाचणीसाठी मुंबईतल्या मोठ्या महाविद्यालयाकडे किंवा चंडीगडला जाव्यात, जेथे रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. निकाल पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे लेखी परत यावा. खासगी दवाखान्यांनाही नमुना देण्याची मुभा असावी, कारण नायट्याचे बहुतेक रुग्ण तेथेच जातात. सालअखेर दोन्ही तालुक्यांचा एक पानी मराठी गोषवारा निघावा आणि तो प्रत्येक डॉक्टराच्या व औषधविक्रेत्याच्या हाती पडावा: किती नमुने, कोणती बुरशी, किती जणींवर-जणांवर टर्बिनाफिन चालले नाही.

पैशासाठी जिल्हा नियोजन समिती आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडे सामाजिक दायित्वाचा निधी आहे आणि गमबूट घालून राबणारे कामगार त्यांचेच आहेत.

ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात, बिरवाडीसारखी प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या. दोघांनी मिळून एक परिपत्रक काढावे आणि त्यात नमुना कोणी घ्यायचा, कोणत्या वारी पाठवायचा, उत्तर किती दिवसांत द्यायचे हे नावानिशी लिहावे. लावणीच्या आधी ते निघाले, तर या पावसाळ्यातले रुग्ण त्यात येतील.